शून्य नंबरचा चष्मा

प्रोफेसर हे प्रोफेसर नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत, आणि तेही सातवीत बसले होते म्हणून सातवीपर्यंत म्हणायचं. तरी गल्लीतल्या पोरासोरांपासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळे त्यांना प्रोफेसरच म्हणत. कारण एकच. अगदी लहानपणापासून त्यांच्या नाकावर चष्मा होता, आणि चष्मेवाला माणूस गप्प बसला की तो विचार करतोय असं लोकांना उगीचच वाटतं. प्रोफेसर गप्प बसत ते बहुतेक वेळा समोरच्या कागदावर काय लिहिलंय ते कळत नसे म्हणून.

त्या चष्म्याचीही गंमत आहे. लहानपणी त्यांना वाचता येत नव्हतं. अगदीच येत नव्हतं असंही नाही. सुटं अक्षर विचारलं तर मुलगा बरोबर सांगायचा. पण तीच अक्षरं ओळीत उभी राहिली की त्यांचं आपसात काहीतरी बिनसायचं. मागचं पुढे यायचं, पुढचं गायब व्हायचं, आणि ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत तिची सुरुवात डोक्यातून पार निघून गेलेली असायची. सगळ्या वर्गाने पाठ संपवून पुस्तकं मिटली तरी हा आपला दुसऱ्याच ओळीत घाम पुसत बसलेला. मास्तरांनी आधी समजावलं, मग ते ओरडले, मग त्यांनी मारलं. शाळेकडे असलेले सगळे उपाय संपल्यावर त्यांनी वडिलांना बोलावून सांगितलं, "पोराचे डोळे तपासून घ्या."

वडील त्याला घेऊन बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात गेले. दुकानाच्या मालकांनी मुलाला तक्त्यासमोर बसवलं, एक डोळा झाकला, दुसरा झाकला, एकेका अक्षरावर काठी ठेवली आणि सांगितलं, "डोळे ठणठणीत आहेत. चष्मा नको."

"नको कसा?" वडील चिडले. "मास्तर काय खोटं बोलतात? नंबर नसेल तर थोडासा घाला. कामावर खाडा करून आलोय मी."

मालकांनी पुष्कळ समजावलं. पण खाडा वाया जाऊ द्यायला वडील तयार नव्हते. शेवटी मालकांनी हात टेकले आणि एका काळ्या फ्रेममध्ये साध्या काचा बसवून दिल्या. नंबर शून्य. वडील समाधानाने घरी आले.

आणि चष्मा लागू पडला! मुलाला वाचता यायला लागलं नाही, पण मार थांबला. चष्मेवाल्या मुलाच्या थोबाडीत द्यायची तर आधी त्याला चष्मा काढायला सांगावं लागतं, तो घडी घालून ठेवेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि तेवढ्या वेळात चांगल्या चांगल्या मास्तरांचा राग निवतो. शिवाय 'बिचाऱ्याची नजर अधू आहे' असं म्हणायची सोय झाली. पोरंही प्रोफेसर म्हणायला लागली. काही महिने असे सुखात गेले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आता चष्माही आहे आणि तरी हा वाचत नाही, म्हणजे आळशीच आहे. मग राहिलेला मार एकदमच मिळाला.

सातवीत त्याने दप्तर कोपऱ्यात टाकलं. साऱ्या जगात एकाच माणसाने त्याला ठणठणीत म्हटलं होतं, म्हणून तो थेट त्या माणसाकडे गेला आणि काम मागितलं. मालकांनी हातात फडकं दिलं.

फडक्यावरून तो काच घासायच्या चाकावर आला, चाकावरून फ्रेमवर. हातात कसब होतं. चष्म्याची काडी गरम करून ती कानामागे नेमकी किती वाकवायची, एका बाजूने उंच असलेल्या नाकावर चष्मा सरळ कसा बसवायचा, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. आकडेही जमत, कारण आकडे एकेकटे येतात, अक्षरांसारखे घोळक्याने अंगावर येत नाहीत. तक्ता तर पाठच होता. वर्षं गेली, लग्न झालं, केस पिकले, आणि प्रोफेसर दुकानाचे जणू जुने खांब झाले.

एवढ्या वर्षांत त्यांना वाचता येत नाही हे कुणालाही कळलं नाही, असं त्यांना वाटत होतं. कुणी कागद पुढे केला की त्यांचं एक वाक्य तयार असे, "वाचायचा चष्मा घरी विसरलो हो. हा लांबचा आहे." चष्म्याच्या दुकानातला माणूस चष्मा विसरतो म्हटल्यावर लोक हसत, आणि हसता हसता कागद स्वतःच वाचून दाखवत. वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं की प्रोफेसरांना ते खरंच वाटायला लागलं होतं.

शिक्षणाबद्दल त्यांची मतं मात्र ठाम होती. काउंटरवर काच पुसता पुसता ते गिऱ्हाइकांना ती मोफत देत. "शिकून कुणाचं भलं झालंय सांगा. आमच्याकडे जाड भिंगाचे चष्मे कोण घेतं? शिकलेले! डोळ्यांचं वाटोळं करायचा धंदा आहे तो." ज्यांना हे ऐकवलं जाई ते बहुधा वकील, मास्तर नाहीतर साहेब असत, आणि ते माना डोलवून म्हणत, "अगदी खरं बोललात, प्रोफेसर." मग ते घरी जाऊन आपापल्या मुलांना अभ्यासाला बसवत. प्रोफेसरांना हे माहीत होतं. पण माणसाला जे मिळालं नाही ते आंबट होतं असं म्हणत राहावं लागतं, नाहीतर जगायचं कसं?

त्यांना एकच मुलगी, फार उशिरा झालेली. जागेवर एक मिनिट ठरायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. भिंगरी तिसरीत गेली आणि शाळेतून निरोप आला. मुलगी हुशार आहे, बोलण्यात कुणाला हार जात नाही, पण पुस्तक उघडलं की मुकी होते. अक्षरांची उलटापालट करते. प्रोफेसरांच्या बायकोने हा निरोप वाचून दाखवला. बायको म्हणाली, "डोळे तर बघा तिचे. घरचंच दुकान आहे."

प्रोफेसरांनी मुलीला तक्त्यासमोर बसवलं. डोळे ठणठणीत होते. ते आधीच ठाऊक होतं त्यांना. साऱ्या गावात कुणाला ठाऊक नसेल एवढं पक्कं ठाऊक होतं. आणि तरीही त्या बापाने काय करावं? लाल रंगाची, नाजूक काड्यांची, दुकानातली सगळ्यात देखणी फ्रेम काढली. साध्या काचा घेतल्या, कडा स्वतः घासल्या, तिच्या कानांच्या मापाने काड्या वाकवल्या, आणि तो शून्य नंबरचा चष्मा पोटच्या पोरीच्या नाकावर चढवला. इतकं सुबक काम त्यांनी कधी केलं नव्हतं. आपल्याला जे औषध लागू पडलं होतं तेच त्यांनी दिलं. त्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. तिला कुणी मठ्ठ म्हणू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

औषध पुन्हा लागू पडलं. वर्गबाईंनी भिंगरीला पुढच्या बाकावर आणलं, मैत्रिणींनी चष्मा पाळीपाळीने घालून बघितला, आणि घरात काही महिने शांतता नांदली. भिंगरीने तेवढ्या काळात वर्गातले धडे ऐकून ऐकून पाठ केले. पुस्तक समोर धरून, बोट फिरवत, ती धडे असे घडाघडा म्हणायची की बायको कौतुकाने शेजारणीला बोलावून आणायची. बोट भलत्याच ओळीवर असे, बोटाखालचं पान संपलं तरी धडा चालूच राही, हे फक्त प्रोफेसरांना दिसत होतं, आणि ते बोलत नव्हते.

मग एक दिवस वर्गबाईंनी फळ्यावर नवाच उतारा लिहिला आणि भिंगरीला उभं केलं. भिंगरीने फळ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि मान वर करून सांगितलं, "वाचायचा चष्मा घरी विसरले हो. हा लांबचा आहे."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. तिसरीतल्या मुलीला वाचायचा वेगळा चष्मा असतो हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी दोघा नवराबायकोला समोर बसवलं आणि गोलगोल न बोलता सांगितलं. मुलीला वर्षअखेरपर्यंत वाचता आलं नाही तर तिला पुढच्या वर्गात घेता येणार नाही, आणि या शाळेत ठेवणंही अवघड होईल. मात्र शाळेत एक बाई आहेत, त्या अशाच मुलांना शिकवतात. संध्याकाळी शाळा सुटल्यावर. अट एकच, आई किंवा वडील यांपैकी कुणीतरी रोज सोबत बसलं पाहिजे आणि तोच अभ्यास घरी करून घेतला पाहिजे. बायको कपड्यांच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला होती, रात्रीशिवाय सुटत नसे. म्हणजे राहिले कोण? प्रोफेसर.

घरी येईपर्यंत प्रोफेसरांचा निर्णय झालेला होता. "काही नको ते," ते म्हणाले. "मी तिला दुकानात घेईन. हात चांगला आहे तिचा. माझं काय अडलं न शिकता?"

बायको भांडी लावत होती. तिने हातातली ताटली खाली ठेवली. "काय अडलं ते मला विचारा," ती म्हणाली. "रोज सकाळी मी पेपर मोठ्याने का वाचते, कधी विचार केलात?"

"तुला सवय आहे बडबडायची."

"सवय! माहेरी मी तोंडातून चकार शब्द न काढता वाचायचे. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं मला. तुम्ही तासभर पेपर तोंडासमोर धरून बसला होतात, आणि पान एकदाही उलटलं नव्हतं. तेव्हापासून मोठ्याने वाचतेय. बातम्या, औषधाच्या बाटल्या, बसवरच्या पाट्या. 'अगंबाई, ही बस बाजारात जाते वाटतं' असं स्वतःशीच बोलायचं, का, तर नवऱ्याला वाईट वाटू नये. लोक मला बडबडी म्हणतात, म्हणू देत. पण मी जन्मभर तुमच्या पुढे चालत वाचेन, तिच्या पुढे कोण चालणार? तिला कुठून मिळणार आहे अशी बडबडी बायको?"

प्रोफेसरांनी इतकी वर्षं सांभाळलेलं गुपित घरातच उघडं पडलेलं होतं, आणि ज्या बडबडीला ते कंटाळत होते त्या बडबडीवरच त्यांचा संसार चालला होता. त्यांना लाज वाटली. तिने खाली ठेवलेली ताटली त्यांनी उचलून फळीवर लावली. "बरं, जातो उद्या," एवढंच म्हणाले.

त्या बाईंना शाळेतली मुलं सावकाश बाई म्हणत, कारण त्यांच्या तोंडी दुसरा शब्द नसे. त्यांचा वर्ग म्हणजे खेळाच्या सामानाची खोली. एका बाजूला गुंडाळलेल्या सतरंज्या, हवा गेलेले फुटबॉल, एक मोडका पृथ्वीचा गोल, आणि मधे दोन बुटकी बाकं. प्रोफेसर गुडघे हनुवटीपाशी घेऊन एका बाकावर बसले. शेजारी भिंगरी.

सावकाश बाईंनी आधी भिंगरीचा लाल चष्मा मागून घेतला. पुस्तकातल्या एका ओळीवर तो धरला, डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला. नंबर असता तर काचेतून दिसणारी ओळ सरकली असती, ही तसूभरही हलली नाही.

"कुणी केलाय हा?"

"मी," प्रोफेसर म्हणाले.

"फार सुंदर केलाय," बाई म्हणाल्या, आणि पुढे काही न विचारता त्यांनी चष्म्याची घडी घालून तो बाजूला ठेवला. मग एक कागद प्रोफेसरांच्या पुढे सरकवला. मोठ्या अक्षरांतल्या चार ओळी होत्या. "घरी हा असा वाचून घ्यायचा तिच्याकडून. आधी तुम्ही वाचून दाखवा, म्हणजे तिला कळेल."

ओळी प्रोफेसरांच्या डोळ्यांसमोर हलायला लागल्या. पण घाबरायचं कारण नव्हतं, वाक्य तयार होतं. ते त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, "वाचायचा चष्मा घरी विसरलो हो. हा लांबचा..."

बोलता बोलताच त्यांना कळलं आपण काय बोलतोय ते. बाई शांतपणे बघत होत्या. तेवढ्यात भिंगरी बाकावरून उठून बाईंच्या जवळ गेली आणि बापाची बाजू घेत म्हणाली, "बाई, माझं खोटं होतं. पण बाबांचं खरंय. त्यांचा चष्मा खरंच घरी राहतो, रोज राहतो. मी तर तो कधी बघितलासुद्धा नाही."

मास्तरांच्या हातचा एवढा मार खाऊन जो माणूस कधी रडला नव्हता, त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मुलगी त्यांच्यासाठी साक्ष देत होती. ती साक्ष तशीच चालू द्यावी, बाईही बहुधा चालू देतील, असं एक क्षण त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांनी आपला काळा चष्मा काढून लाल चष्म्याशेजारी ठेवला.

"नाही गं," ते म्हणाले. "माझंही खोटंच आहे. मलापण वाचता येत नाही."

भिंगरीने त्यांच्याकडे बघितलं. तिला वाईट वाटेल असं त्यांना वाटलं होतं. पण तिचा चेहरा एकदम खुलला. "तुम्हाला पण अक्षरं हलतात?"

"हलतात."

"मला वाटलं मला एकटीलाच!" असं म्हणून ती त्यांना चिकटून बसली.

बाईंनी सांगितलं की या गोष्टीला नाव आहे, डिसलेक्सिया. पुष्कळ जणांना असते, घरात एकाला असली की दुसऱ्यालाही असू शकते, आणि तिचा अकलेशी काही संबंध नाही. प्रोफेसर ते नाव बराच वेळ जिभेवर घोळवत बसले. हे नाव ज्याने ठेवलं त्याला वाचणाऱ्याची अजिबात दया नव्हती, हे उघड होतं. आणि मग त्यांना राग आला, खराखुरा राग. नाव होतं म्हणजे कुणालातरी माहीत होतं. कुठेतरी, कुणीतरी ते शिकून ठेवलं होतं, आणि ते त्यांच्या मास्तरांपर्यंत कधी पोचलंच नव्हतं. मास्तरांना शिकवलं गेलं असतं तर आपण शिकलो असतो, असं त्यांच्या मनात आलं. शिक्षणाबद्दल त्यांनी केलेला हा पहिला सरळ विचार.

त्या दिवसापासून संध्याकाळी बापलेक बुटक्या बाकांवर बसायला लागले. वाळूच्या ताटात बोटाने अक्षर गिरवायचं, गिरवताना मोठ्याने म्हणायचं. शब्दाचे तुकडे करायचे, तुकडे पुन्हा जोडायचे. पुठ्ठ्याला खाच पाडून एकच ओळ उघडी ठेवायची, बाकीच्या ओळींना झाकून गप्प बसवायचं. प्रोफेसर घाई करत. "सावकाश," बाई म्हणत. मग भिंगरीही म्हणायला लागली, "सावकाश, बाबा. कुणी मागे लागलंय का तुमच्या?" घरी तर ती पट्टी घेऊन बसायची. प्रोफेसर अडखळले की ती कपाळावर हात मारून घ्यायची, आणि बायको रात्री कामावरून आली की तक्रार करायची, "आज बाबांचं अजिबात लक्ष नव्हतं."

दुकानातही बदल झाला. काउंटरवरचं भाषण उलटं फिरलं. "शिक्षणासारखी दुसरी गोष्ट नाही, साहेब," काच पुसता पुसता प्रोफेसर सांगत. "आपण वाचलं नाही तर दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या जगात राहावं लागतं. आणि तो काय गाळतो ते आपल्याला कळत नाही." पूर्वीचेच वकील आणि साहेब पूर्वीसारख्याच माना डोलवत, "अगदी खरं बोललात, प्रोफेसर." आता थकलेले मालक आतल्या खुर्चीवरून हे सगळं ऐकत. एकदा न राहवून म्हणाले, "तुझं आधीचं मत बरं होतं रे. लवकर संपायचं."

बोलणं भरभर सुधारलं, वाचणं मात्र मुंगीच्या पावलांनी चाललं होतं. भिंगरी पुढे निघाली. तिचं वय कोवळं होतं, आणि तिच्यावर जुन्या भीतीचे थर नव्हते. प्रोफेसरांची जीभ प्रत्येक जोडाक्षरापाशी अजूनही थबकायची, आणि थबकली की अंग आपोआप मार चुकवायला मागे सरकायचं. बाईंच्या ते लक्षात आलं होतं. अशा वेळी त्या पुस्तक मिटून खिडकी उघडायला उठत.

वर्षअखेर आली. मोठ्या बाईंनी स्वतः परीक्षा घेतली. भिंगरीपुढे तिने कधी न पाहिलेलं पान ठेवलं. प्रोफेसर दाराशी उभे होते. मुलगी पुठ्ठ्याची खाच ओळीवर ठेवून वाचायला लागली. हळू वाचलं, दोनदा चुकली, मागे गेली, दुरुस्त केलं. पण बोट ज्या ओळीवर होतं तीच ओळ ती वाचत होती. पान संपलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "चौथीत बस."

सावकाश बाईंनी भिंगरीची पाठ थोपटली आणि सांगितलं की आता तिला या खोलीत यायची गरज नाही, अडलं तर मधूनमधून येत जा. भिंगरीने उड्या मारल्या. प्रोफेसरांनीही हसून मान हलवली, आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. मुलगी येणार नाही म्हणजे पालकाचंही काम संपलं. आता उद्यापासून संध्याकाळी कुठे जायचं? ते दुकानात परत जायला वळले, चार पावलं गेले आणि पुन्हा मागे आले.

"बाई," त्यांनी विचारलं, "माझा निकाल?"

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग दुसरीचं पुस्तक उघडून पुढे धरलं. प्रोफेसरांनी एक ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरीत अडकले ते अडकलेच.

"तुम्ही नापास," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "तुम्हाला सोडता येणार नाही. पुढच्या वर्षी परत याच वर्गात बसायचं, आणि सुट्टीत अभ्यास करायचा."

त्या दिवशी बायकोने कारखान्यातून रजा घेतली होती, ती फाटकापाशी वाट बघत उभी होती. भिंगरी लांबूनच ओरडत सुटली, "आई, मी पास! बाबा नापास!"

रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. बायकोने घाबरून नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. प्रोफेसर रडत होते आणि हसतही होते, आणि दोन्हीतलं काहीच लपवायची त्यांना शुद्ध नव्हती.

"अगं, परत ये म्हणाल्या," ते तिला सांगत होते. "शाळेने मला परत ये म्हटलं."